बिननावाची नाव

जलाशय खात्याच्या साहेबांनो, चांगली नांदती घरं तुम्ही पाण्यात घातलीत. "आम्ही कुठं बोलावलं होतं?" असं आता म्हणू नका. तळ्याच्या काठी तो दुमजली बोर्ड कुणी लावला? 'वारा सर्वांचा आहे! या, शिडाची होडी चालवा!' शेजारी चित्र : गॉगल लावलेलं एक जोडपं होडीतून बाहेर झुकलंय आणि बत्तिशी दाखवतंय. होडी उलटते, तळाचं बूच निघतं, काठी डोक्यात बसते, यातलं त्या चित्रात काही आहे? नाही. ही फसवणूक आहे, आणि ती तुम्ही सरकारी रंगात केलीत.

त्या बोर्डासमोर कवळीवाले पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते होडीकडे बघतच नव्हते. ते त्या बत्तिशीकडे बघत होते.

"वरचे पुढचे बसवलेले आहेत," ते बायकोला म्हणाले. "छटा जुळवलीच नाही. कुणाचं काम आहे कोण जाणे."

"मी होडीबद्दल विचारलं," बायको म्हणाली.

कवळीवाल्यांचा धंदा नावातच आहे. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि हे घरामागच्या खोलीत बसून कवळ्या करून देतात. खोलीत एक भट्टी, एक घासायचं मशीन, आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. भुवयांवर कायम प्लॅस्टरची भुकटी. अर्धं शहर यांच्या हातचे दात घालून हसतं, पण रस्त्यात समोर आलं तर ओळख देत नाही. कवळी करणाऱ्याला ओळख कोण देणार? त्यापेक्षा चोराशी बोलतील.

मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात दोघंच. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. "गॅस बंद केला का?" "हो." "दूध?" "आहे." एवढ्यावर संसार चालला होता. टीव्ही सतत चालू असायचा, त्यामुळे घर गप्प झालंय हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आणि मग हे शिडाचं वेड आलं. आलं म्हणजे साथ यावी तसं आलं. लिफ्टमध्ये ज्या तोंडांतून आजवर फक्त रक्तातली साखर निघायची, त्या तोंडांतून वाऱ्याची दिशा निघायला लागली. ज्या माणसानं घरातला पडदा कधी नीट ओढला नाही, तो शीड कसं ओढायचं ते सांगायला लागला. छोट्या होडीला 'डिंगी' म्हणायचं हे सगळ्यांना कळलं, आणि होडी म्हणणारा अडाणी ठरला. साडूनं, म्हणजे कवळीवाल्यांच्या मेहुणीच्या नवऱ्यानं, नवी कोरी डिंगी घेतली आणि गाडीच्या टपावर बांधली. भाजी आणायला गेला तरी डिंगी टपावर. उतरवत का नाही विचारलं तर म्हणायचा, "वारा कधी सुटेल सांगता येतं का?"

"आपणही घेऊ," बायको म्हणाली.

"आपल्याला पोहता येत नाही."

"पोहायचंच असतं तर होडी कशाला घेतली असती?"

कवळीवाल्यांनी पासबुक काढलं.

त्यांनी घेतली ती जुनी. विकणारा म्हणाला, "उन्हानं जरा तडकलीय, बाकी मजबूत." होडी पाण्यात सोडली तेव्हा तळातून पाणी वर आलं. घाईनं नाही, ओळखीच्या घरी पाहुणा येतो तसं सावकाश, चप्पल काढून. दोघं गुडघाभर पाण्यात बसून राहिली. काठावरून साडू ओरडला, "अहो, तुम्ही होडीत आहात की तळ्यात?"

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावर चीफ राहतात. आयुष्यभर जहाजावर होते, पण इंजिनाच्या खोलीत. समुद्र त्यांनी पाहिला तो रजेवर असताना, बायकोबरोबर, वाळूत बसून. तरी पाण्याच्या बाबतीत बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. ते खाली आले, तड पाहिली, कान लावून ऐकली आणि म्हणाले, "पंप बसवा."

"पंप कशाला?"

"आलेलं पाणी बाहेर काढायला."

"पण येऊच नये म्हणून काय करायचं?"

चीफनी तडीला पुन्हा कान लावला. "आमच्याकडे येतंच असं धरून चालायचं," ते म्हणाले.

शेवटी कवळीवाल्यांनी आपल्या हातातलं केलं. कवळीच्या हिरडीचा मसाला असतो, गुलाबी. मळायचा, दाबून बसवायचा, मग तो दगडासारखा होतो. चघळून, चावून, गरम चहा ओतून त्याला काही होत नाही, मग तळ्याच्या पाण्यानं काय होणार? त्यांनी आठवड्याचा मसाला त्या तडीत भरला आणि घासूनपुसून असा गुळगुळीत केला की बायकोनं दोनदा हात फिरवला. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. फक्त पांढऱ्या होडीच्या पोटावर परातीएवढी गुलाबी हिरडी दिसायला लागली.

"दोन दाढा पण बसवायच्या होत्या," साडू म्हणाला. "म्हणजे मासे लांब राहिले असते."

मग शिकणं सुरू झालं. शिडाच्या खाली एक आडवी काठी असते, तिला बूम म्हणतात. का म्हणतात ते डोक्यात बसली की कळतं. सुकाणू बायकोनं घेतलं. कुणी दिलं नाही, तिनं घेतलं. यांच्याकडे दोर.

"ओढा!"

"काय ओढू?"

"दोर!"

"कुठला? इथं सगळे दोरच आहेत!"

"तुमच्या हातातला! आता सोडा! अहो, सोडा म्हटलं की सोडायचं, विचार नाही करायचा!"

"तू 'सोडा' म्हणालीस की 'ओढा' म्हणालीस?"

बूम.

काठावर यायचे तेव्हा यांच्या कपाळावर टेंगूळ, तिच्या चपला तळ्यात, आणि दोघांचे घसे बसलेले. पण चहाच्या टपरीवर तिनं एकदा कप खाली ठेवला आणि मघाशी हे दोरात कसे गुंडाळले गेले होते ते करून दाखवलं. टपरीवाल्यासकट सगळे हसले. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कवळीवाले बघत राहिले. या माणसानं हजारो बत्तिशा घडवल्या, आणि स्वतःच्या बायकोचा उजवा सुळा किंचित पुढं आहे हे त्याला इतक्या वर्षांनी त्या टपरीवर दिसलं. घरी जाताना दोघं रस्ताभर बोलत होती. चूक कुणाची, यावरच, पण बोलत होती. त्या रात्री टीव्ही लावायचा राहिला.

तेव्हा साहेबांनो, नीट ऐका. इतरांना डिंगी म्हणजे हौस असेल. कवळीवाल्यांना ती होडी हवी होती, कारण त्या होडीत बायको त्यांच्यावर ओरडायची.

आणि तुमचा नियम काय? ज्याची होडी मोसमात एकही शर्यत पुरी करणार नाही, त्याची काठावरची जागा जाईल. होडी उचलून न्यायची. कुठं न्यायची? बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं आधीच सांगितलं होतं, आवारात चाक असलेलंच वाहन चालेल. म्हणजे जागा गेली की होडी विकायची, आणि पुन्हा "गॅस बंद केला का?"

एक शर्यत बूच लावायचं राहिल्यामुळे हुकली. एकीत ती दोघं भांडता भांडता दुसऱ्याच कुणाच्या तरी शर्यतीत शिरली. राहिली शेवटची. जिंकायचं कुणाच्या मनातही नव्हतं. कसंही करून ती शेवटची रेषा ओलांडायची, एवढंच.

तर तुम्ही फलकाचा नवा नियम काढलात आणि त्यांना खात्यात बोलावलंत.

खात्यातल्या टेबलामागचे साहेब सज्जन दिसत होते. तिथूनच माणूस फसतो. दुसरी एक गंमत सांगायला हवी : खात्यात होडी हा शब्द नाही, डिंगी तर नाहीच. तिथं फक्त 'नाव'.

"नाव आणली आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझं?" कवळीवाले म्हणाले.

"तुमचं नाव कळलं. नाव कुठे आहे?"

"तळ्यावर."

"ठीक. शीड उघडून दाखवलंत आमच्या माणसाला, त्यानं सांगितलं शिडावर नंबर आहे."

"असतो ना साहेब. शर्यतीला लागतो. तुमचाच नियम."

"तो क्रीडा कक्षाचा नियम. मी फलक कक्षाचा." साहेबांनी चष्मा पुसला. "नंबर म्हणजे मजकूर. मजकूर असलेलं उभं कापड म्हणजे फलक. आणि कापडी फलकाला वाऱ्यासाठी भोकं पाडलेली पाहिजेत."

"कसली भोकं?"

"वारा आरपार जायला. नाहीतर वारा भरतो, फलक फुगतो, अपघात होतो."

कवळीवाल्यांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. "साहेब, शिडात वारा भरायलाच पाहिजे. त्यावरच ती चालते."

"म्हणजे फलक फुगणार हे तुम्ही कबूल करता," साहेब म्हणाले.

साडूच्या शिडाचं काय, असं बायकोनं विचारलं. साडूचं शीड खात्यात गेल्या साली नोंदलेलं, यांचं यंदा, म्हणून साडूचं नियमाच्या आधीचं होतं. त्याचा फलक फुगला तरी चालणार होता.

बायकोनं कवळीवाल्यांच्या पाठीकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "साहेब, माणूस फलक असतो का?"

"माणूस? नाही."

"माणसाच्या पाठीवर नंबर असेल तर?"

साहेबांनी एक पुस्तक काढलं, मग त्याच्यापेक्षा जाडं पुस्तक काढलं. माणसाबद्दल कुठंच काही नव्हतं. या खात्यात माणसाबद्दल कुठंच काही नसतं. शिडावरचा नंबर उसवून निघाला आणि कवळीवाल्यांच्या पाठीवर शिवला गेला. खांद्यापासून कमरेखालपर्यंत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्यांना जिन्यात म्हणाल्या, "सुटलात कधी?"

एवढं सगळं निस्तरताना होडीला नाव ठेवायचं राहून गेलं. तशी नावं तिला सगळ्या बिल्डिंगनं ठेवली होती. पण रंगवून घ्यायचं ते राहिलं. बायको म्हणाली मुलीचं नाव द्या. हे म्हणाले, मुलीचं नाव दिलं आणि उद्या बुडाली म्हणजे? ती म्हणाली, बुडणारच आहे असं धरून चाललाय तर चीफना घेऊन जा. चीफनी आपलं नाव सुचवलं. असं करता करता शर्यतीचा दिवस उजाडला आणि होडी बिननावाची पाण्यात उतरली.

शिट्टी वाजली. सगळ्या डिंग्या फुलपाखरांसारख्या सुटल्या आणि ही दोघं जागच्या जागी गोल फिरली. मग सुटली. पाण्यात खुणेला सोडलेल्या पहिल्या पिवळ्या पिंपाला वळसा घालेपर्यंत बाकीचे दिसेनासे व्हायला लागले होते. साडू पार पुढं, गुडघ्यावर बसून, टोपी उलटी. पण या वेळी बूच जागेवर होतं, हिरडी धरून होती, शेवटच्या पिंपालाही वळसा घालून झाला. आता सरळ जायचं, रेषा ओलांडायची, संपलं.

"डावीकडे चला," कवळीवाले म्हणाले. "सगळे डावीकडे गेलेत."

"सगळे गेले म्हणून आपण जायचं? हेच केलंत आयुष्यभर."

"मी काय केलं आयुष्यभर?"

"साडू म्हणेल ते. सेक्रेटरी म्हणेल ते. डॉक्टर म्हणतात छटा पांढरी करा, तुम्ही करता. मला एकदा तरी म्हणालात, की नको, मला पिवळसरच बरी वाटते?"

"तुला कशाला म्हणू? तू काय डॉक्टर आहेस?"

या वादात सुकाणू कुणाच्या लक्षात राहणार? होडी आपली आपण उजवीकडे गेली, काठावरच्या पंपाच्या खोलीच्या बाजूला, जिथं शहाणी माणसं जात नाहीत. आणि तिथं वारा होता. डावीकडचा वारा पडला. सगळ्या फुलपाखरांचे पंख मिटले. साडू शिडाला हातानं वारा घालू लागला. आणि इकडे या दोघांचं शीड टम्म फुगलं, दोघं बाहेर झुकली, अगदी बोर्डावरच्या जोडप्यासारखी, फक्त ती भांडत होती.

"अहो," ती एकदम म्हणाली, "आपल्यापुढं कुणी नाही."

"संपली का शर्यत?"

"नाही. आपण पहिले आहोत."

कवळीवाल्यांनी मान वर केली. समोर दोन झेंडे, त्यांच्यामधली रेषा, काठावर उभी राहिलेली माणसं. त्यांनी दोर हाताला गुंडाळून घेतला.

आता काठावर काय चाललं होतं ते ऐका. पंचांनी पुढची होडी ओळखायची असते ती शिडावरच्या नंबरावरून. या शिडावर नंबर नाही. नंबर कवळीवाल्यांच्या पाठीवर, आणि पाठ पाण्याकडे. पंचांनी दुर्बिणीतून बाजूला रंगवलेलं नाव शोधलं. तेही नाही. त्यांनी वॉकीटॉकी उचलला आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या कारकुनाला विचारलं, "पुढं आहे तिची नोंद आहे का? नाव नाही."

वॉकीटॉकीची लाइन सगळ्यांची एकच. बचाव-लाँचवरचे दोघे जण सावलीत आडवे झाले होते. त्यांच्या कानाशी खरखर झाली आणि शब्द आले : "...पुढं... नाव नाही... नाव नाही!"

बुडाली! नाव नाही म्हणजे बुडालीच! दोघे ताडकन उठले. मोसमभर त्यांनी कुणाला वाचवलेलं नव्हतं. इंजिन सुरू, भोंगा सुरू, आणि लाँच पाणी फाडत निघाली.

"आपल्याला घ्यायला येताहेत!" बायको म्हणाली. "मानानं!" तिनं हात हलवला.

लाँचवाल्यानं ते पाहिलं आणि ओरडला, "घाबरू नका बाई! आलोच!"

"मी घाबरले नाही! लांब राहा!"

"हात सोडू नका!"

"अरे, लाट येतेय तुमची! लांब!"

आधी लाट आली. मग बचावाचं रबरी चाक आलं, ते नेमकं कवळीवाल्यांच्या गळ्यात बसलं, घोड्याला पट्टा घालावा तसं. लाँचवाल्यानं ते ओढलं. कवळीवाल्यांच्या हाताला दोर, दोराला शीड. ते गेले, त्यांच्यामागं शीड गेलं, शिडामागं होडी गेली आणि होडीमागं ती, शेवटच्या क्षणापर्यंत सुकाणू धरून. रेषा एवढ्या जवळ होती की काठावरच्या एका बाईच्या हातातला चहा सांडलेला दिसत होता.

लाँचवाल्यांनी दोघांना वर घेतलं. म्हणजे यांना घेतलं, तिला ओढावं लागलं. तिनं एकाला चावायचा प्रयत्न केला. सुकाणू उपटून तिच्या हातातच आलं होतं.

आणि साहेबांनो, त्यानंतर जे झालं ते सगळ्या तळ्यानं पाहिलं. उलटी झालेली होडी त्याच लाटेवर, त्याच पंपाच्या खोलीकडच्या वाऱ्यावर, सावकाश पुढं सरकली. कुणी वल्हं मारलं नाही, कुणी ढकललं नाही. पोट वर, गुलाबी हिरडी उन्हात चमकतेय. ती दोन झेंड्यांच्या बरोबर मधून गेली. टाळ्या पडल्या. साडू तेव्हा अजून हातानं वारा घालत होता.

निकाल काय लावलात? स्पर्धक बचाव-लाँचवर चढले, म्हणजे मदत घेतली, म्हणजे बाद. शर्यत अपुरी. काठावरची जागा खाली करा. पहिला नंबर साडूला. तो बक्षीस घेताना म्हणाला, "मला शेवटपर्यंत विश्वास होता." कशावर, ते कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून ती दोघं खात्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलीत. ओली. त्यांच्याखाली फरशीवर तळं झालंय आणि शिपाई त्याला वळसा घालून जातोय. साहेब एकदा बाहेर आले.

"नियम स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. "घरी जा. गारठाल."

"शर्यत कुणाची होती, साहेब?" कवळीवाल्यांनी विचारलं. आवाज चढला होता. बायकोनं मान वळवून बघितलं. हा आवाज तिनं फक्त होडीत ऐकला होता, आणि तोही स्वतःवर. "तुमच्या शर्यतीच्या पत्रकावर काय लिहिलंय? 'नावांची शर्यत.' माणसांची नाही. तुमच्या खात्यात माणसाबद्दल कुठं काही नाही, मी जाडं पुस्तकही पाहिलंय. जो चढला लाँचवर तो माणूस. त्याला करा बाद. नाव कुठं चढली? नाव पाण्यातच होती."

"नाव उलटी होती."

"सुलटीच पाहिजे असं लिहिलंय?"

साहेब आत गेले. पुस्तकं काढल्याचा आवाज आला. पहिलं, मग जाडं. मग पुन्हा पहिलं.

"सोडायचं नाही हं आता," ती म्हणाली.

"ओढतोय," ते म्हणाले.

साहेबांनो, दिवे घालवू नका, मागच्या दारानं जाऊ नका. आत आहात हे दिसतंय. ती दोघं उठणार नाहीत आणि सुकाणू तिच्या हातात आहे. एवढंच सांगा : रेषा नावेनं ओलांडायची होती ना? मग नाव आली की नाही आली?

बोला.